दसऱ्याची तोरणं मैत्रिणींना बोलावून घरीच करायची, तर तयारी काय लागते?

तुम्ही लिहिलंय की नव्या सोसायटीत राहायला आलात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सहा-सात जणींना घरी बोलावून तोरणं करायची इच्छा आहे, पण किती फुलं आणायची आणि काय काय लागतं ते कळत नाही. जरूर बोलवा. आमच्याकडे पुण्यात खंडेनवमीच्या संध्याकाळी हा बेत गेली सहा वर्षं ठरलेला आहे आणि मी वर्षभर त्याची वाट बघते.

निरोप देतानाच एक गोष्ट सांगून टाका: प्रत्येकीने आपल्या दाराच्या मापाचा दोरा घेऊन यायचा. चौकटीच्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, आणि बांधायला दोन्हीकडे वीतभर जास्त. पहिल्या वर्षी आम्ही सगळं अंदाजाने ओवलं, तर एकीचं तोरण तिच्या दाराला अर्ध्यातच संपलं. दोरा मापाचा असला की ओवणाऱ्या बाईला आपलं दार डोळ्यांसमोर दिसतं, मग ती मन लावून करते. दोरा गोधडी शिवायचा, सुती आणि दुहेरी. नायलॉनचा घेऊ नका, तो फुलाच्या देठाला कापतो.

फुलांचा हिशेब असा. साधं दार तीन फुटांचं. झेंडू एकापाठोपाठ एक गच्च ओवला तर तेवढ्याला चाळीसेक फुलं लागतात, दोन्ही टोकांना झुपके सोडले तर साठपर्यंत. किलोत मध्यम आकाराची शंभराच्या आसपास येतात. म्हणजे माणशी एक किलो धरा. त्यात तोरण होतं, गाडीचा हार होतो आणि पूजेला सुटी फुलंही उरतात. केशरी आणि पिवळा निम्मा-निम्मा घ्या. मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून नवमीला पहाटेच आणते.

आणि आता जे मी चुकले ते. एका वर्षी पाऊस नुकताच उघडला होता. मी सात किलो झेंडू आणला, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं बांधून स्वयंपाकघरात ठेवला आणि कामाला निघून गेले. संध्याकाळी पिशवी सोडली तर आत गरम वाफ, आणि खालच्या थरातली फुलं काळी, चिकट झालेली. दोन किलो टाकावी लागली, फार वाईट वाटलं. झेंडू भिजलेला असला की उबतो. म्हणून घरी आल्या आल्या जुन्या साडीवर एका थरात पसरायचा, पंखा लावायचा आणि दुपारपर्यंत हात लावायचा नाही. वर पाणी तर अजिबात शिंपडू नका.

पानं आंब्याची, जून आणि गडद हिरवी. तांबूस कोवळी पानं दिसतात सुरेख, पण सकाळपर्यंत सुकून वळतात. नुकत्या तोडलेल्या देठातून चीक येतो, काहींना तो अंगावर उठतो, म्हणून पानं दोन-तीन तास आधी आणून ओल्या फडक्याने पुसून ठेवा. आपट्याची पानं तोरणात घालू नका. ती सोनं म्हणून द्यायला चार पुरतात, त्यासाठी अख्खी फांदी ओरबाडलेली मला बघवत नाही.

बसायचं जमिनीवरच, सतरंजीवर. टेबलाशी लांब दोरा सारखा अडकतो. हार ओवायची वीतभर लांब सुई प्रत्येकीला एक हवी, सुयांसाठी थांबावं लागलं की काम रेंगाळतं. ओवायचं कसं, ते मला एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी शिकवलं. मी पाकळ्यांतून सुई घालत होते आणि फूल दोऱ्यावर फाटत होतं. त्यांनी माझ्या हातातलं फूल घेतलं, पालथं धरलं, हिरव्या देठाच्या बरोबर मधोमध सुई टोचली आणि अंगठ्याने हलकेच सरकवत फूल खाली नेलं. ‘देठात घाल गं, पाकळ्यांना धक्का नको,’ एवढंच म्हणाल्या. पाच फुलं झाली की एक पान, उभं दुमडून, देठाजवळ टोचलेलं. तेव्हापासून आमच्याकडे नव्याने येणारीला हे असंच हातात हात घेऊन दाखवतो. लहान मुलांना सुई देऊ नका. रंग वेगळे करणं आणि पानं मोजून देणं हे त्यांचं काम, ती ते आनंदाने करतात.

खाण्याचं फार मोठं करू नका. निम्म्या जणींचे नवरात्राचे उपवास असतात, त्यामुळे मी सगळ्यांनाच वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करते, ती आधी करून ठेवता येते. जेवणाची पानं मात्र सगळी तोरणं संपल्यावरच घ्यायची. तेलकट हात फुलांना लागले की ती मलूल दिसतात.

तोरण रात्री वर्तमानपत्रात सैल गुंडाळून गार जागी ठेवायचं, सकाळी आंघोळ करून लावायचं. आमच्यातल्या एकीचं माहेर कोकणातलं, तिकडे नव्याच्या पौर्णिमेला भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. ती येताना मूठभर लोंब्या आणते आणि प्रत्येकीच्या तोरणाच्या मध्यावर दोन-दोन बांधून देते.

सुकलेलं तोरण लगेच फेकू नका. फुलं कुस्करली की आत काळ्या, बारीक काड्यांसारखं बी निघतं. ते कागदाच्या पुडीत ठेवा आणि जुलैच्या सुरुवातीला कुंडीत पेरा, दसऱ्यापर्यंत फुलं येतात. गेल्या वर्षी आमच्या शेजारणीने नऊ फुलं स्वतःच्या गच्चीतली आणली होती. ती तिने तोरणात ओळीने मध्यभागी ओवली, आणि आम्ही सगळ्या जणी दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला गेलो तेव्हा तिने आम्हाला दारातच थांबवून ती एकेक करून दाखवली.