पाण्याला जागा ठेवून बिझनेस पार्क उभारायचा, तर शिकायचं काय?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. आम्ही हिंजवडीजवळच्या माण गावचे. आमची थोडी जमीन एमआयडीसीत गेली. पावसात रस्त्यावर पाणी तुंबलं की ही वहीत ओढ्यांचे नकाशे काढत बसते. म्हणते, "पुरात न बुडणारे आणि गावालाही उपयोगी पडणारे बिझनेस पार्क मला डिझाइन करायचेत." तिने कम्प्युटर करावं असं मला वाटतं. अशा कामाचं शिक्षण असतं का? त्यात पोट भरतं का?
– एक वडील

उत्तर: नमस्कार. तिच्या वहीच्या पानाचा फोटो पत्राला जोडलात, हे फार बरं केलंत. ओढा शाईने काढलाय. रस्त्याखालच्या मोरीपाशी लिहिलंय, 'पाइप लहान, पाणी मागे फुगतं.' शेजारी पेन्सिलीची तुटक रेघ आणि त्यावर, 'आजोबांच्या वेळचा ओढा इथून.' पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि पूर्वी कुठून जायचं, हे तिला कुणी न सांगता विचारावंसं वाटलं. या क्षेत्रातली जाणती माणसं जागेवर गेल्यावर आधी हेच विचारतात. त्यामुळे माझं मत सुरुवातीलाच सांगतो: तिला कम्प्युटरकडे ओढू नका.

कामाचं स्वरूप एका हिशोबातून कळेल. 10 हेक्टरच्या पार्कवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 1 कोटी लिटर पाणी होतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 1,000 टँकर. तिथे शेती होती तेव्हा बरंच पाणी माती आणि बांध धरून ठेवायचे. छपरं आणि डांबर आलं की जवळजवळ सगळं एकदम ओढ्यावर येतं. शोषखड्डे खणले की भागलं, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्याकडे खाली काळा कातळ आहे, त्यात पाणी सावकाश मुरतं. म्हणून ते काही तास थोपवून धरायला तळी आणि खोलगट हिरवळी लागतात, आणि ओढ्याचं पात्र मोकळं सोडावं लागतं. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारतीची पहिली रेघ मारण्याआधी या दोन रेषा बघायच्या असतात. पाण्याच्या वाटा अडवल्या की काय होतं, ते बंगळुरूने सप्टेंबर 2022 मध्ये पाहिलं: आउटर रिंग रोडवरची आयटीतली माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला गेली.

करता येतं, हेही दिसलेलं आहे. सिंगापूरच्या जुरोंग भागात सुमारे 50 हेक्टरचं क्लीनटेक पार्क आहे. त्यातच 5 हेक्टरची जुरोंग इको-गार्डन राखली आहे. तिथे पाणथळ आणि झाडोरा आहे, आणि फिरायला कुणीही येऊ शकतं.

तुमच्या मुलीचा 'गावालाही उपयोगी' हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि अवघडही. आपल्याकडे बिझनेस पार्क म्हटलं की कुंपण आणि गेट. गावाची जुनी पायवाट बंद होते, चहाची टपरी रस्त्यावर ढकलली जाते, बससाठी उभं राहायला सावली नसते. पण एकच जागा दोन्ही कामांना वापरता येते. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम शहरातला बेंथेमप्लेन चौक 2013 मध्ये तयार झाला. एरवी तिथे मुलं खेळतात आणि जोराच्या पावसात तोच चौक पाणी साठवतो. माणमध्येही मुलांचं क्रिकेटचं मैदान असं करता येईल. आठवड्यातून पाच दिवस येणाऱ्या नोकरदारांइतकाच तिथे जन्मलेल्यांचा विचार करणारा डिझायनर हवा, आणि तो गावातून आला तर फारच चांगलं.

आता शिक्षण. मी तिला पाच वर्षांचं बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, आणि पुढे लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये, म्हणजे इमारतींभोवतालची जमीन, पाणी आणि झाडं यांच्या रचनेत, मास्टर्स सुचवेन. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि पुण्यातलं मुलींचं भानुबेन नानावटी महाविद्यालय, तिन्हीकडे लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. चित्रापेक्षा आकड्यांत तिचा जीव जास्त रमत असेल, तर सिव्हिल करून जलविज्ञानाकडे जावं. आयआयटी रुरकीत त्याचा स्वतंत्र विभाग आहे. शहर नियोजनाची बी.प्लॅन. ही चार वर्षांची पदवीही आहे. पण झाडं, पाणी आणि माणसं एकाच कागदावर मांडायची तिची ओढ पाहता मला लँडस्केपच योग्य वाटतं.

पोट भरतं का? भरतं. पण सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या मानाने कमी असतो, आणि पहिली काही वर्षं कुणाच्या तरी हाताखाली उन्हापावसात साइटवर जातात. घरात शिक्षणाचं कर्ज काढणार असाल तर हे आधी धरून चला. पुढे कामाला तोटा नाही. महापालिका, मोठे बिल्डर, सल्लागार कंपन्या, सगळ्यांना पाण्याचं नियोजन समजणारी माणसं लागतात.

सध्या तिने गणित आणि फिजिक्स सोडू नये. बारावीत नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यावी आणि जेईई मेनचा दुसरा पेपरही द्यावा, बी.आर्क. आणि बी.प्लॅन. दोन्हींच्या वाटा त्यामुळे खुल्या राहतात. स्केचिंगची सवय मात्र आतापासून हवी. आणि येत्या पावसाळ्यात त्या मोरीच्या भिंतीवर रंगाने इंचांच्या खुणा करून, दर पावसात पाणी कुठवर चढलं ते तारखेसह वहीत लिहायला सांगा. खुणा करायच्या त्या उघडीप असताना, आणि पाणी वाहत असताना बघायचं ते लांबूनच. तुम्ही सोबत असा.