नवा गॅस घेतलाय? आधी एवढं करा

ताई, संसार मांडतानाच आगीचा विचार केलात, हे फार चांगलं. सगळं एकदम शिकायची गरज नाही.

तेलाच्या कढईनं पेट घेतला की हात आपोआप पाण्याच्या गुंडाकडे जातो. हीच सगळ्यांत मोठी चूक. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि जळतं तेल उसळतं. पोळ्याला करंज्या तळताना आमच्याकडे कढई पेटली. सासूबाईंनी गॅस बंद केला, परात आडवी सरकवत कढई झाकली आणि थंड होईस्तोवर उघडली नाही. तेव्हापासून कढईपेक्षा मोठी परात हाताशीच असते. पेटलेली कढई उचलून अंगणात नेऊ नका, पदर पेटतो.

- गॅसचा वास आला तर लाईटच्या बटणाला हात नको. रेग्युलेटर बंद, दारं उघडी, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून त्याच खोलीत पेटती चूल नकोच.
- पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या चुलीपासून लांब रचा.
- भाजलं तर २० मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट लावू नका.

आज संध्याकाळीच घरातल्या प्रत्येकाकडून, आजींकडूनही, रेग्युलेटर बंद करून घ्या. आग विझवायच्या सिलिंडरचं नंतर पाहू.