पोरीचं लास्ट सीन

"परवा रात्री दोन वाजून दहा मिनिटं. त्याच्या आदल्या रात्री एक चाळीस. त्याच्या आदल्या दिवशी दोनला पाच कमी..."

समोरच्या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून घडीचा कागद काढला होता. बॉलपेनने आखलेले रकाने, त्यात बारा दिवसांच्या तारखा आणि वेळा. गृहस्थ एसटीत कंडक्टर, त्यामुळे हिशेब लिहायची सवय हाडात मुरलेली. तेराव्या दिवशी मुलीचं व्हॉट्सॲपवरचं 'लास्ट सीन', म्हणजे ती शेवटची कधी ऑनलाइन होती ती वेळ, दिसेनासंच झालं. त्यांनी रजा टाकली, धाराशिवहून रात्रीची गाडी धरली, पहाटे स्वारगेटला उतरले आणि थेट हॉस्टेलच्या दारात जाऊन उभे राहिले. दुपारी दोघं माझ्यासमोर होते. बापाच्या हातात कागद, लेकीची नजर खिडकीबाहेर.

"मॅडम, फोन काढून घेऊ का? साधा बटनाचा देतो. तुम्ही म्हणाल तसं करतो."

२०२४ चा ऑगस्ट होता. कॉलेजच्या समुपदेशन कक्षात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. मुलाचे आईबाप असले तर त्यामागे गेम आणि सट्ट्याची भीती असते. मुलीचे असले तर भीती वेगळी असते, पण तिचं नाव कुणी घेत नाही. म्हणून आधी मुलीला एकटीला भेटले. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिला ऋतुजा म्हणू. बीएस्सीचं दुसरं वर्ष.

"कोणी मुलगा नाहीये मॅम," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली. "असता तर निदान कुणीतरी बोललं असतं माझ्याशी."

या वाक्यानंतर मी माझा नेहमीचा प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला.

फोनमध्ये रोजच्या वापराचा हिशेब असतो, तो आम्ही मिळून उघडला. सरासरी सहा तास पन्नास मिनिटं. हा आकडा घरी कळला असता तर फोन त्याच दिवशी गेला असता. पण आत बघितलं तर त्यात बरंच काही होतं. लेक्चर रद्द झाल्याची सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, नोट्सच्या पीडीएफ टेलिग्रामवर, मेसचे पैसे यूपीआयने, आईशी व्हिडिओ कॉल. हे वजा केलं तर उरत होते साडेतीन तास, आणि त्यातले जवळजवळ सगळे रात्री दहानंतरचे. बटनाचा फोन दिला असता तर ते साडेतीन तास गेले असते, पण सोबत तिचं अर्धं कॉलेजही गेलं असतं.

वडिलांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. त्याआधी त्यांच्याशी बोलले.

"पण दोन-दोन वाजेपर्यंत बघतात तरी काय?"

मी म्हटलं, आपण वर्तमानपत्र वाचायचो, ते संपायचं. मालिका लागायची, ती साडेनऊला 'पुढील भागात' म्हणून थांबायची. पूर्वी वेबसाइटचंही पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटन दाबावं लागायचं. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकी डिझायनरने न संपणारं पान बनवलं. खाली सरकवत राहा, नवीन येत राहतं. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. "म्हणजे असं बघा," मी म्हटलं, "ही गाडी सुटते, पण तिला शेवटचा थांबाच नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. "डेपोच नाही म्हणा की."

"आणि दोन वाजता तुम्ही कसे जागे असता?"

त्यांनी कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. मग हळूहळू सांगितलं. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. घरात पगार नाही, आणि निलंबन होणार की एसटीचं सरकारात विलीनीकरण, याची बातमी रात्री-बेरात्री कामगारांच्या ग्रुपवर यायची. तेव्हापासून मध्यरात्री जाग येते, हात उशाकडे जातो. "संप मिटला, पण हे काही मिटंना झालंय."

फोन काढून घ्यायचा नाही आणि वेळा लिहायच्या नाहीत, एवढ्यावर आमचं ठरलं. त्याऐवजी रोज रात्री सव्वानऊला साधा फोन करायचा आणि 'अभ्यास झाला का' सोडून काहीही विचारायचं. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी म्हणे पावसावर चाळीस सेकंद बोलले आणि ठेवला.

ऋतुजाला मी एक साधी वही दिली. मिनिटं मोजायची नाहीत, फोन हातात घेण्याच्या लगेच आधी काय घडलं ते एका ओळीत लिहायचं. एक आठवडा. त्यातल्या ओळी तिच्या परवानगीने देते:

"मेसमधून आले. त्या दोघी चहाला गेल्या."

"ग्रुपवर मेसेज लिहिला. इंग्लिश चुकेल म्हणून पुसला."

"सरांनी विचारलं. उत्तर येत होतं. आवाज निघाला नाही."

"त्या दोघी चहाला गेल्या."

सातपैकी चार रात्री तीच ओळ. खोलीतल्या दोघी पुण्याजवळच्या, एकमेकींच्या शाळेतल्या. रात्री पावणेदहाला गेटबाहेरच्या टपरीवर जायच्या. त्यांना ही नको होती असं नाही, विचारायचं सुचलं नसावं. त्या निघाल्या की ही पलंगावर पडायची आणि रील्स सुरू व्हायच्या. त्याही करमणुकीच्या नव्हेत. याच शहरातल्या एका मुलीचे 'माझा दिवस' छापाचे व्हिडिओ: पहाटे पाचला उठणं, टेबलावर दिवा, कॉफी, रंगीत पेनांनी लिहिलेल्या नोट्स, पंचेचाळीस सेकंदांत अख्खा दिवस.

"तिच्या टेबलावर एकपण वायर दिसत नाही मॅम."

मग वर्गातल्यांच्या स्टोऱ्या. सिंहगडावर पाऊस, कांदाभजी, आठ जण एका चौकटीत. सहल ठरली होती हेच तिला ती झाल्यावर स्टोरीतून कळलं. आमच्या वेळीही लोक आम्हाला न विचारता सिंहगडावर जायचे. फक्त ते आम्हाला रात्री अकरा वाजता अंथरुणात दिसायचं नाही.

आणखी एक गोष्ट वहीत नव्हती, बोलताना निघाली. ती २०२१ ची दहावी. त्या वर्षी बोर्डाची परीक्षाच झाली नाही, शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. तिला ९४ टक्के पडले. गावात पेढे वाटले, आणि मागून लोक म्हणाले, कोरोनाचे मार्क. ते तिच्या मनात रुतून बसलंय. वर्गात तोंड उघडलं तर 'कोरोना बॅच' उघडी पडेल, असं तिला वाटतं. त्याच वर्षांत ऑनलाइन शाळेसाठी वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून हा फोन घेतला होता. ज्या फोनसाठी कर्ज काढलं तोच आता काढून घ्यायची भाषा, हेही तिला बोचत होतं.

आता माझी चूक. वही वाचून मला वाटलं, सगळं दुखणं इन्स्टाग्रामवर आहे. मी सुचवलं, दोन आठवडे खातं बंद ठेवून बघ. तिने आज्ञाधारकपणे त्याच रात्री बंद केलं. चौथ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ बदलली. सूचना अधिकृत ग्रुपवर यायला हवी होती, पण मुलांनी ती आपसात इन्स्टाच्या ग्रुपवर टाकली आणि विषय संपवला. तिचं प्रॅक्टिकल बुडालं. त्या रात्री ती फोनशिवायही तीन वाजेपर्यंत जागी होती. मी न विचारता ज्या दोरीला कात्री लावली, तिला तिचं कॉलेजही बांधलेलं होतं. तिची माफी मागितली. ती इतकी दचकली की "नाही नाही मॅम, माझीच चूक" म्हणायला लागली. मग त्या वाक्यावरच आम्ही अर्धा तास घालवला.

त्या चुकीतून एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. खोलीतल्या एकीने विचारलं, "तू मला ब्लॉक केलंस का? तुझं प्रोफाइलच दिसत नाही. रागावलीस?" खातं बंद केलं की समोरच्याला तसंच वाटतं. ऋतुजाला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: आपण दिसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही एकाच वाक्यावर काम केलं: "थांबा, मी पण येते." ऐकायला हास्यास्पद वाटेल. माझ्या खोलीत ती ते दहा वेळा म्हणाली, कधी पुटपुटत, कधी भांडल्यासारखं. दोनदा ठरवूनही त्या निघाल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला. एक जण म्हणाली, "चल की, पैसे घे सुट्टे." बस, एवढंच. बाकी उपाय किरकोळ होते: रात्री फोन दाराजवळच्या सॉकेटला लावायचा, आणि गजराचं निमित्त राहू नये म्हणून साधं टेबलावरचं घड्याळ घ्यायचं. स्क्रीन काळी-पांढरी करूनही पाहिली, दोन दिवसांत डोळ्यांना सवय झाली, सोडून दिली.

'व्यसन' हा शब्द मी या सगळ्यात वापरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण 'मोबाइलचं व्यसन' असा वेगळा आजार नाही, आणि बापाच्या तोंडी तो शब्द आला की मुलं ऐकणंच थांबवतात. पण झोप-जेवण पार विस्कटलं, कॉलेज सुटलं, गेम किंवा सट्ट्यापायी उधारी झाली, जगणं नकोसं झाल्याची भाषा आली, तर माझ्यासारख्या समुपदेशकावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

ऋतुजाचे रात्रीचे तास शून्यावर आले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटची आली तेव्हा सव्वा-दीडवर होते, आणि परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा वाढले होते. वर्गातल्या ग्रुपवर ती आता मराठीत लिहिते. दोघातिघांनी मराठीतच उत्तरं दिली.

निघताना म्हणाली, "लास्ट सीन मी पप्पांना परत चालू केलंय." मग हसली. व्हॉट्सॲपचा नियमच आहे, आपलं लपवलं की समोरच्याचंही दिसत नाही. त्यामुळे इतके दिवस तिला वडिलांचं दिसत नव्हतं. "काल रात्री १:५० होतं, मॅम."

तिच्या पिशवीत तुळशीबागेतून आणलेलं टेबलावरचं घड्याळ होतं, खोक्यासकट. तुझं तर आहे ना, मी विचारलं.

"हे पप्पांना. पहाटेच्या फेरीचा गजर लावायचा म्हणून फोन उशाशी घेऊन झोपतात."