ग्रुपमध्ये एकटे: परदेशी कोच टूरबद्दल वाचकांचे प्रश्न

एकट्याने युरोपची ग्रुप टूर करू इच्छिणाऱ्या पुण्यातल्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना टूर आखणाऱ्या आणि नेणाऱ्या जाणकारांनी दिलेली ही उत्तरे. ‘बस चांगली असते का?’ हा प्रश्न सहा जणांनी विचारला आहे. बस चांगलीच असते. अडचणी दुसरीकडे येतात.

प्रश्न: बँकेतून नुकतीच निवृत्त झाले, वय 61. बारा दिवसांच्या टूरचा जाहिरातीतला दर ट्विन शेअरिंगचा, म्हणजे दोघींत एक खोली धरून, निघाला. स्वतंत्र खोलीसाठी बरीच जास्त रक्कम सांगतात. ती वाचवण्यासाठी अनोळखी बाईंबरोबर खोली घ्यावी का? (सदाशिव पेठ)

उत्तर: आधी ती जास्तीची रक्कम कशाची आहे ते बघा. विमान, बसमधली सीट, तिकिटे, जेवण या सगळ्याचे पैसे माणशी लागतात. हॉटेल मात्र खोलीचे पैसे घेते. दोघी राहिल्या की ते निम्मे-निम्मे होतात, एकटीला दुसरा निम्माही भरावा लागतो. म्हणजे फरक फक्त हॉटेलच्या रात्रींचा असायला हवा. बारा दिवसांच्या टूरमध्ये एक-दोन रात्री विमानातच जातात, त्यामुळे हॉटेलच्या रात्री नऊ-दहा भरतात. मागितलेल्या रकमेला त्या आकड्याने भागा. कंपनीकडून हॉटेलांची नावे घ्या आणि त्याच तारखांचे डबल रूमचे दर नेटवर बघा. तुमचा भागाकार त्या दराच्या निम्म्याच्या आसपास असेल तर हिशोब रास्त आहे. पूर्ण दराच्या जवळ जात असेल तर घासाघीस करायला जागा आहे, आणि ती खुशाल करावी.

खोली वाटून घ्यायची असेल तर तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या, फोनवर नको. जोडीदार मिळाली नाही तर जास्तीचे पैसे कोण भरणार? ठरलेल्या बाईंनी आयत्या वेळी बुकिंग रद्द केले तर? आणि पलंग दोन वेगळे असतील ना? तिकडे बऱ्याच हॉटेलांत एकाच चौकटीत दोन गाद्या शेजारीशेजारी लावलेल्या असतात, पांघरुणे तेवढी दोन. नवराबायकोला ते चालते. काल मुंबई विमानतळावर ओळख झालेल्या दोघींना ते जड जाते.

खरी कसोटी बाथरूमची आहे. सकाळी सहाचा वेकअप कॉल, साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, सातला नाश्ता, पावणेआठला बस. अर्ध्या तासात एका बाथरूममध्ये दोघींचे आवरायचे. आंघोळ कोणी रात्री करायची हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, तिसऱ्या दिवसापर्यंत भिडेखातर गप्प राहू नका. घोरण्याचे मात्र आधीच सांगून टाकावे. घोरणाऱ्यांनी आणि रात्री दोनदा-तीनदा उठावे लागणाऱ्यांनी सरळ स्वतंत्र खोली घ्यावी आणि तेवढे पैसे खरेदीतून वाचवावेत, असे आमचे मत. पण स्वतंत्र खोली म्हणजे ऐसपैस खोली नव्हे. जुन्या हॉटेलांत सिंगल रूम लिफ्टशेजारी किंवा माळ्यावर असते, पलंग जेमतेम तीन फुटी. सूटकेस जमिनीवर उघडली की चालायला जागा उरत नाही.

केवळ महिलांच्या टूरमध्ये बहुतेक जणी एकट्याच आलेल्या असल्याने जोडीदार सहज मिळते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न: आई 68 वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पहिल्यांदाच एकटी निघाली आहे. वाटेत आजारी पडली तर ग्रुप थांबतो का? (कोथरूड)

उत्तर: नाही. हे निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवे. पुढच्या गावातले हॉटेल, जेवण, तिकिटे ठरलेली असतात आणि टूर मॅनेजर एकच असतो. तो ॲम्ब्युलन्स बोलावेल, रुग्णालयात दाखल होईपर्यंत शक्य तेवढे बघेल आणि चाळीस जणांना घेऊन पुढे जाईल. जोडप्यातला दुसरा माणूस मागे राहतो. एकट्या प्रवाशाजवळ तो दुसरा माणूस नसतो, त्यामुळे त्याची सोय पुण्यातूनच करून ठेवावी लागते.

सुरुवात विम्यापासून करा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) निदान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण ही व्हिसाची अट झाली, गरजेचे माप नव्हे. रुग्णालयात काही दिवस काढावे लागले तर ते अपुरे पडू शकते. याहून मोठी रक्कम घ्या. रक्तदाब अर्जात लिहाच. लपवला आणि त्याच्याशी संबंधित दुखणे निघाले तर दावा फेटाळायला कंपनीला आयते कारण मिळते. पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी किती रक्कम मिळते, प्रवास लांबला तर हॉटेलचा खर्च मिळतो का, आणि घरच्या माणसाला तिकडे बोलावून घेण्याचा खर्च मिळतो का, ही तीन कलमे वाचा. तिसऱ्या कलमात एक गोम आहे. विमा तिकिटाचे पैसे देतो, व्हिसा देत नाही. मुलाचा पासपोर्टच संपलेला असेल तर कलमाचा उपयोग शून्य. तेव्हा घरातल्या एकाचा तरी पासपोर्ट चालू ठेवा, आणि त्या देशांत नात्यातले, ओळखीचे कोणी असेल तर त्यांचा नंबर आईजवळ द्या.

दाखल होण्यापूर्वी किंवा होताच विम्याच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो. तो राहून गेला की कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देणे, अडकते. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्येही तातडीच्या मदतीचा क्रमांक 112.

गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, टूरच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नयेत. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडच्या औषधवाल्याला कळणार नाही. एका कागदावर इंग्रजीत नाव, रक्तगट, आजार, औषधे, ॲलर्जी, विम्याचा क्रमांक आणि घरचे दोन फोन. एक प्रत पासपोर्टबरोबर, एक टूर मॅनेजरकडे.

एक राहिले. स्वित्झर्लंडमध्ये जुंगफ्राउयोख असेल तर ते स्टेशन 3,454 मीटरवर आहे, म्हणजे सिंहगडाच्या अडीचपटीहून उंच, आणि खालून दोन तासांच्या आत माणूस वर पोचतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना हा आकडा सांगून परवानगी घ्यावी. नको म्हणाले तर ग्रिंडेलवाल्ड किंवा लाउटरब्रुनेनला खाली थांबता येते. दोन्ही गावे सुंदर आहेत, वेळ वाया गेला असे वाटत नाही. ग्रुप त्याच बाजूने परत येणार आहे ना, तेवढे विचारून ठेवा, कारण वर एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने उतरण्याचा रिवाज आहे.

प्रश्न: गर्दीत चुकामूक झाली आणि बस निघून गेली तर? (औंध)

उत्तर: जोडप्यातला एक आला नाही तर दुसरा ओरडतो. एकटा आला नाही तर डोकी मोजेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मोजताना दोघे उभे असले की मोजणी चुकते. म्हणून पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरच्या कुटुंबाला सांगून ठेवा: ‘मी दिसले नाही तर आवाज द्या.’ संकोच करू नका, लोक हौसेने करतात.

बसमधून उतरताना तीन फोटो काढा: बसची नंबरप्लेट, ती जिथे उभी आहे तिथली पाटी, आणि टूर मॅनेजर सांगतो ती भेटीची जागा. त्याचा नंबर कागदावरही असू द्या. फोनची बॅटरी नेमकी अशा वेळीच संपते. रोमिंग किंवा ई-सिम निघण्यापूर्वीच चालू करून तपासा. चुकलात तर शोधत फिरू नका. जिथे शेवटचे एकत्र होतात तिथेच उभे राहून फोन करा. व्हेनिसला जास्त जपा. तिथे बस बेटात येत नाही, ट्रोंकेत्तोच्या तळावर थांबते आणि पुढे बोटीने जावे लागते. बोट चुकली की बसही चुकली.

बस थांबत का नाही, याचे कारण ड्रायव्हरचा तुसडेपणा नसते. युरोपीय संघाच्या 561/2006 या नियमानुसार साडेचार तास चालवल्यावर ड्रायव्हरला 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही (आठवड्यातून दोनदा दहा) आणि रोज सलग अकरा तासांची विश्रांती लागते, ती काही दिवस नऊ तासांपर्यंत कमी करता येते. हे सगळे बसमधला टॅकोग्राफ नोंदवतो, तपासणीत पकडले तर दंड होतो. सकाळी कोणी वीस मिनिटे उशिरा आले तर ती वीस मिनिटे संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून कापली जातात. बस चुकलीच तर पुढच्या हॉटेलपर्यंत ट्रेनने किंवा टॅक्सीने स्वखर्चाने जावे लागते, तेव्हा हॉटेलांची यादी पत्त्यांसकट जवळ हवी.

प्रश्न: वय 33. नोकरी सोडली आहे, नवी दोन महिन्यांनी सुरू होईल. ग्रुपमधून जातोय म्हटल्यावर व्हिसा मिळतोच ना? (बाणेर)

उत्तर: ग्रुपचा व्हिसा नसतो. कागद कंपनी गोळा करते, निर्णय प्रत्येकाचा वेगळा होतो. नोकरी नसलेला एकटा तरुण परत येईल का, हीच शंका वकिलातीला असते. तेव्हा अर्जासोबतच्या पत्रात गोलमाल न करता लिहा: अमुक तारखेला जुनी नोकरी सोडली, अमुक तारखेला नवी सुरू होते. जुना अनुभवदाखला, नवे नियुक्तिपत्र, विवरणपत्रे, बँकेचे स्टेटमेंट जोडा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक दोन लाख आलेले दिसले की संशय वाढतो. ती रक्कम वडिलांनी दिली असेल तर तसे पत्र लावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला सहसा पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसपर्यंत. मे महिन्याची टूर असेल तर फेब्रुवारीतच कागद द्या. प्रौढांची फी 90 युरो, नकार आला तरी परत नाही. 59 महिन्यांच्या आत शेंगेन अर्जासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत. टूरमध्ये लंडन असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, वेळ वेगळा. नकार आला तर टूरचे किती पैसे कापणार, हे पहिला हप्ता भरण्यापूर्वी विचारा. बिलात दिसणारा टीसीएस (कंपनी तुमच्याकडून आधीच गोळा करते तो प्राप्तिकर) हा जादाचा खर्च नव्हे. तो प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. 5 टक्के जीएसटी मात्र गेलेलाच.

प्रश्न: बसमध्ये पुढची सीट कशी मिळवावी? (कर्वेनगर)

उत्तर: सीट रोज फिरतात, दोन-दोन ओळी मागे. पुढची सीट एक दिवस मिळेलच. एकट्यांची संख्या विषम असली की एकाच्या शेजारी जागा रिकामी राहते. ती आळीपाळीने मिळावी असे टूर मॅनेजरला सुरुवातीलाच सांगा. गाडी लागत असेल तर तेही सांगा, पण खरोखर लागत असेल तरच. पुढच्या सीटसाठी लागणारी गाडी लगेच ओळखू येते.

प्रश्न: फराळ काय न्यावा? आणि रोख किती? (नारायण पेठ)

उत्तर: बाकरवडी, चिवडा, शेव, खाकरा खुशाल न्या. दूध, तूप, पनीर, श्रीखंड, खव्याचे पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे. लोणचे आणि ओली चटणी चेक-इन बॅगेत, कारण हातातल्या बॅगेत द्रवाची मर्यादा 100 मिलिलिटर. बसमध्ये डबा उघडायला बहुतेक ड्रायव्हर मनाई करतात.

रोख शंभर-दीडशे युरो, बाकी फॉरेक्स कार्डवर (आधी परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड). सुटी नाणी पहिल्याच दिवशी करून घ्या. महामार्गावर स्वच्छतागृहाला पैसे पडतात; जर्मनीत सॅनिफेअर या कंपनीच्या स्वच्छतागृहाच्या फाटकात एक युरो टाकला की एक युरोचीच पावती मिळते, ती तिथल्या दुकानात वापरता येते. दुकानदाराने मशीनवर ‘रुपयांत की युरोत?’ असा पर्याय दाखवला तर युरोच निवडा, रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो.

पासपोर्ट कमरेच्या पाकिटात, त्याची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, फोटो ईमेलवर. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते फक्त भारतात परतण्यासाठी असते, त्यावर उरलेली टूर करता येत नाही. जवळ पासपोर्ट आकाराचे चार फोटो असले तर एक हेलपाटा वाचतो.