मुलगी सातवीत आहे, गणिताला घाबरते. खासगी शिकवणी लावली तर आत्मविश्वास वाढेल का?

वाढेल, पण तुम्ही शिकवणी कशाला म्हणता त्यावर आहे. चाळीस पोरांची बॅच म्हणजे शाळाच, फक्त संध्याकाळची.

मी सांगलीत घरीच शिकवण्या घेते. एका वेळी तीन-चार मुलं, जास्त नाहीत (हॉलमध्ये मावतही नाहीत). मागे तुमच्या मुलीसारखीच एक सातवीतली आली होती. आई म्हणाली, "शेकडेवारी अजिबात जमत नाही." मी शेकडेवारी काढलीच नाही. ५०३ वजा २७८ करायला दिलं. तिने हाताने वही झाकून उत्तर लिहिलं: ३७५.

हे उत्तर जरा नीट बघा. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. अंक वर असो की खाली, मोठ्यातून लहान वजा करायचा, हा तिचा नियम आणि तो तिने इमानदारीत पाळला होता. मध्ये शून्य आलं की हातचा कुठून घ्यायचा, हे लहान वर्गात कधीतरी निसटलं ते निसटलंच. वर्गात साठ मुलं असतील तर बाई फुली मारून पुढे जाणार. त्यांचाही इलाज नसतो.

मग आम्ही दुकान मांडलं. तिच्याकडे शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी. मला दोनशे अठ्ठ्याहत्तर रुपये हवेत, आधी सुटे आठ दे. "नाहीत." मग? "नोट मोडावी लागेल." शंभराची मोडली, दहाच्या दहा आल्या. त्यातली एक मोडली, दहा नाणी आली. चार शंभर, नऊ दहा, तेरा सुटे. ३७५ वर काट तिनेच मारली आणि शेजारी २२५ लिहिलं.

"तुला येतं गं" असं म्हणून आत्मविश्वास येत नाही. दिवाळीनंतर एकदा मी सांगायला गेले तर ती म्हणाली, "थांबा ना बाई, सांगू नका." तेव्हा मला वाटलं, आता जमलं.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिलं होतं की, एकेकट्याला शिकवलं आणि एक पायरी पक्की झाल्यावरच पुढे नेलं, तर सरासरी मूलही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही. पण पायरी पक्की करण्याचं म्हणणं मला रोज पटतं.

गृहपाठ उरकून देणारी शिकवणी मात्र लावू नका. वही सुंदर दिसते आणि परीक्षेत पोर एकटं पडतं. पहिले दोन दिवस शेजारच्या खोलीत बसून ऐका, जास्त कोण बोलतंय. आणि शाळेतल्याच बाईंना गळ घालू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे, उगाच त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.