बडोद्याहून चार दिवसांत समुद्र, जंगल आणि इतिहास एकत्र बघायचा असेल तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी नाशिकहून बडोद्याला आलात, डिसेंबरात आई-वडील येणार आहेत आणि हातात चार दिवस आहेत. दहा वर्षांच्या मुलीला समुद्र हवाय, तुम्हाला जंगल, वडिलांना इतिहास. दमण करावं की सरळ गोवा गाठावा, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर दोन्ही नाही. सोरठात, म्हणजे सौराष्ट्राच्या दक्षिण भागात जा. गीरचं जंगल, सोमनाथ, कोडिनार आणि दीव. मी दांडिया बाजारात वाढले, अजूनही बडोद्यातच आहे, आणि हा पट्टा आजवर पाच वेळा फिरले आहे. पहिल्या दोन वेळा सगळे फिरतात तशीच फिरले: सोमनाथाला हात जोडले, सिंह दिसला, दीवच्या वाळूत बसून आलो. तिसऱ्या वेळी गीरमधल्या एका वाटाड्याने जिप्सी पुलावर थांबवली आणि खालच्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही हिरण. उद्या तुम्ही सोमनाथाला जाल ना, तिथे हीच भेटेल." तेव्हापासून हा सगळा मुलूख मला एकसंध दिसायला लागला.

गीरच्या डोंगरात उगम पावणारी हिरण कमळेश्वरच्या धरणात थांबते, सासण (जिथून गीरची सफारी निघते) आणि तालाळ्यावरून खाली उतरते आणि सोमनाथाजवळ त्रिवेणीला कपिला आणि सरस्वतीला घेऊन समुद्राला मिळते. शिंगोडा त्याच जंगलातून कोडिनारकडे येते. मच्छुंद्री उना-देलवाड्याकडे जाते, आणि देलवाड्यापासून दीव हाकेच्या अंतरावर. म्हणजे तुम्हाला बघायची तिन्ही गावं एकाच जंगलाच्या पाण्यावर वसलेली आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की आधी जंगल करा आणि मग पाण्याच्या दिशेने खाली उतरा. बहुतेक लोक आधी सोमनाथ करतात आणि वेळ उरला तर सासण. त्यात जंगलाच्या वाट्याला घाईची एक दुपार येते.

बडोद्याहून वेरावळला जाणारी रात्रीची गाडी घ्या, पण वेरावळपर्यंत जाऊ नका, पहाटे जुनागढला उतरा. ज्येष्ठांना आठ-नऊ तास मोटारीत बसवण्यापेक्षा हे बरं. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर ठेवा, पहाटे स्टेशनवर धड काही मिळेलच असं नाही. जुनागढहून गाडी ठरवून सासणला निघण्याआधी गिरनारच्या रस्त्यावरचा अशोकाचा शिलालेख वडिलांना दाखवा. एकाच खडकावर अशोक, क्षत्रप रुद्रदामन आणि स्कंदगुप्त अशा तिघांच्या काळातले लेख आहेत. रुद्रदामनाचा लेख इसवी सन १५० च्या सुमाराचा. वादळी पावसात सुदर्शन तलावाचा बांध फुटला आणि प्रजेवर जादा कर न लादता, वेठबिगार न घेता तो पुन्हा बांधला, असं त्यात संस्कृतात कोरलेलं आहे. पाण्याची चिंता या भागात किती जुनी आहे ते तिथेच कळतं.

आता गीर. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे १४१२ चौरस किलोमीटर, त्यातलं २५८ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान. कोकणातलं किंवा सह्याद्रीतलं गर्द हिरवं रान डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर पहिला अर्धा तास काहीच दिसणार नाही. हे कोरडं, पानगळीचं जंगल आहे: साग, खैर, धावडा, पळस, टेंभुर्णी, बोर, आणि ओढ्याकाठी जांभूळ, करंज. सागाची पानं जमिनीवर पडली की त्यांचा रंग आणि सिंहाचा रंग इतका एक होतो की दहा पावलांवर बसलेला सिंह कानाच्या हालचालीमुळेच लक्षात येतो. आमच्या वेळी तसंच झालं. वाटाडा धुळीतला पंजा बघत होता, कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे ताजा. मग चितळाने एकच तीक्ष्ण हाक दिली आणि तो कुजबुजला, "सावज." गीरमध्ये सिंहाला सावज म्हणतात. आपल्या मराठीत शिकार ज्याची होते ते सावज, इथे शिकार करणाराच सावज. माझी मुलगी तेव्हा तुमच्या मुलीएवढीच होती. तिला या शब्दाची इतकी गंमत वाटली की परतीच्या वाटेवर ती तोच शब्द घोळवत होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियाई सिंह भारतात फक्त इथे उरले होते, तेही मोजके. जुनागढच्या नवाबांनी त्यांना जपलं. २०२० च्या गणनेत ६७४ झाले, २०२५ मध्ये ८९१. आज निम्म्याहून जास्त सिंह संरक्षित जंगलाच्या बाहेर राहतात. नद्यांच्या काठाने उतरत उतरत ते कोडिनार-सुत्रापाड्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचलेत आणि समुद्रालगतच्या सुरूच्या बनांत वस्ती करून आहेत. हे मालधारी, म्हणजे इथले गुराखी, आणि शेतकरी यांच्याशिवाय झालं नसतं. जंगलात काटेरी कुंपणाचे मालधाऱ्यांचे नेस, म्हणजे वस्त्या, दिसतील, त्यांच्या गीर गाई आणि जाफराबादी म्हशी दिसतील. गुरं सिंहाने मारली तरी सिंहावर डूख न धरणारी ही माणसं आहेत. नेसात शिरून फोटो काढू नका, लांबून राम राम करा.

परमिटबद्दल मात्र नीट ऐका. सफारीचं परमिट वनखात्याच्या संकेतस्थळावर आधीच काढावं लागतं आणि नाताळच्या सुट्टीतली फार लवकर संपतात. जंगल १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, त्यामुळे डिसेंबर तुम्हाला सोयीचा आहे. ज्या ओळखपत्रावर परमिट काढाल तेच मूळ ओळखपत्र बरोबर हवं. आम्ही एकदा सासऱ्यांच्या कार्डाची झेरॉक्स घेऊन गेलो होतो. पहाटे साडेपाचला, थंडीत, फाटकापाशी त्यांना उतरावं लागलं. सासूबाई त्यांच्याबरोबर मागे राहिल्या आणि आम्ही पुढे गेलो. त्या दिवशी सिंह दिसला, पण अजूनही मला त्या दोघांचे शाली गुंडाळून बाकावर बसलेले चेहरेच आठवतात. तुमच्या वडिलांवर ती वेळ येऊ देऊ नका.

आई-वडिलांना उघड्या जिप्सीतले धक्के झेपणार नसतील तर देवळियाला न्या. सासणपासून साधारण बारा किलोमीटरवर जंगलाचा कुंपण घातलेला भाग आहे, बसमधून फिरवतात, सिंह जवळपास हमखास दिसतो. खरं रान जिप्सीतच, पण देवळियाला कमी लेखू नका. सत्तरीच्या माणसाला सिंह डोळे भरून बघायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. आणि कोणी रात्री शेतात नेऊन "सिंह नक्की दाखवतो" असं म्हणालं तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी बहुतेक वेळा एखादं मुकं जनावर आमिष म्हणून बांधलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तालाळ्याच्या रस्त्याने खाली उतरा. दोन्ही बाजूंना केसर आंब्याच्या बागा लागतील. डिसेंबरात फळ नसतं, मोहराची चाहूल असते. जवळच जांबूर हे सिद्दींचं गाव आहे. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आज घरात गुजराती बोलली जाते, आणि नगारची पीराच्या दर्ग्यापुढे धमाल नाचली जाते. धमाल हे त्यांचं पूजन आहे, तेव्हा बघायला मिळाली तर त्याच भावनेने उभे राहा.

संध्याकाळी सोमनाथ. मुख्य मंदिराविषयी सगळ्यांना माहीत असतं: सरदार पटेलांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये केलेला संकल्प, ११ मे १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालेली प्रतिष्ठापना. समुद्राच्या बाजूचा बाणस्तंभ बघा. इथून दक्षिण ध्रुवापर्यंत मधे जमीन नाही, असं त्यावर कोरलं आहे. पण मला खरं सांगायचंय ते शेजारच्या लहान देवळाबद्दल. तिथले लोक त्याला जुना सोमनाथ म्हणतात. मूळ मंदिर भग्न होतं, तिथे पूजा शक्य नव्हती, तेव्हा १७८३ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी जवळच हे बांधलं आणि शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात ठेवलं. पावणेदोनशे वर्षांच्या आसपास सोमनाथाची पूजा इथेच चालत राहिली. महेश्वरला बसलेल्या एका बाईने दुसऱ्याच्या राज्यात, समुद्रकाठी, देवाची सोय लावली. पायऱ्या उतरताना वरचा समुद्राचा आवाज हळूहळू बंद होतो आणि खाली समईची ऊब आणि बेलाचा वास तेवढा राहतो. माझे डोळे दर वेळी इथेच भरतात. आईंना हाताला धरून उतरवा. आणि सोमनाथच्या किनाऱ्यावर मुलीला पाण्यात सोडू नका, तिथल्या लाटा माणसाला ओढतात. समुद्रात खेळणं दीवसाठी राखून ठेवा.

तिसऱ्या दिवशी दीवला जाताना वाटेत कोडिनार लागतं. सहलीच्या गाड्या इथे चहालाही थांबत नाहीत. पण बडोद्यात राहता म्हणून सांगते, हे गाव आपल्या गायकवाड सरकारचं होतं. अमरेली प्रांतातला कोडिनार महाल. धारीकडचं गीरही बडोद्याचंच. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये या अमरेली भागातच केला, मग १९०६ मध्ये तो सगळ्या राज्यात नेला. माझे आजोबा कोडिनारला वहिवाटदाराच्या, म्हणजे महालाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, कचेरीत कारकून होते. आजी बडोद्याला परतल्यावरही समुद्राला शेवटपर्यंत दरियाच म्हणत राहिली, आणि माशाला नाक मुरडणाऱ्या आमच्या घरात दरियाच्या वाऱ्याची आठवण काढणारी ती एकटीच होती. गावात फोटो काढण्याजोगं फारसं काही नाही. तरी दहा मिनिटं थांबा. वडिलांना सांगा की इथे कधीकाळी कचेरीचे कागद बडोद्याहून येत होते.

दीव. नागवा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आणि शांत, मुलीला तिथे खेळू दे. घोघला लांबलचक आणि मोकळा. या किनाऱ्यांवर होका नावाचा ताड बघा, ज्याच्या खोडाला फांद्या फुटतात. ताड म्हटलं की सरळसोट खोड, अशी आपली समजूत असते, हा मात्र दोनाचे चार होत जातो. फळ तपकिरी आणि कठीण, मुलं चघळतात. जंगल बघून आलात म्हणून हेही रानच समजून बघा.

किल्ल्याला अर्धा दिवस द्या. हुमायूनने पाठ धरली तेव्हा गुजरातच्या बहादुरशहाने १५३५ मध्ये पोर्तुगिजांना दीवला किल्ला बांधू दिला, आणि दोन वर्षांत, १५३७ मध्ये, त्यांच्याच जहाजावरच्या भेटीनंतर समुद्रात त्याचा अंत झाला. पुढे १५३८ आणि १५४६ चे दोन मोठे वेढे या तटांनी सोसले. पोर्तुगीज गेले ते डिसेंबर १९६१ मध्ये. तोफा अजून समुद्राकडे तोंड करून पडल्यात, तटावर ऊन लागतं, टोप्या घ्या.

आणि खुकरीचं स्मारक चुकवू नका. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका दीवच्या समोरच्या समुद्रात पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. संध्याकाळी तिथे वारा असतो आणि समोर नुसतं पाणी. मुलीला ही हकीकत तिथेच उभं राहून सांगा.

दीवला दारू मिळते आणि गुजरातेत बंदी, त्यामुळे शनिवार-रविवारी आणि ३१ डिसेंबरला किनाऱ्यावर वेगळीच गर्दी असते. आई-वडील बरोबर आहेत, तेव्हा डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि आठवड्याचे मधले दिवस धरा.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेरावळला परत या, दीवहून दोन-अडीच तास धरा, आणि गाडीच्या आधी अर्धा तास त्रिवेणीवर जा. थंडीत तिथे पांढरे कुरव पक्षी शेकड्यांनी उतरतात. लोक त्यांना गाठी-फरसाण टाकतात, तुम्ही टाकू नका. घाटाच्या शेवटच्या पायरीवर मुलीला बसवा आणि सांगा की सासणच्या पुलावरून वाकून बघितलं होतं ना, ते हेच पाणी. आमच्या मुलीने तेव्हा विचारलं होतं, "मग सिंहसुद्धा हेच पाणी प्यायला असेल?" मी हो म्हणाले.

तारखा ठरल्या की आधी परमिट काढा, मग रेल्वे, आणि हॉटेल सगळ्यात शेवटी.