सहा वर्षांच्या मुलीला सिरियल मिळालीये, नोकरी सोडू का?

ऐरोलीच्या ताई, मुलगी ऑडिशनमध्ये सिलेक्ट झाली, सेट घोडबंदर रोडला, महिन्याचे २० दिवस मागतायत आणि तुम्ही नोकरी सोडून तिच्यासोबत जायचा विचार करताय, असं विचारलंत. माझा मुलगा सातव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत काम करत होता, दोन सिरियल, एक पिक्चर आणि जाहिराती. आम्ही वर्तकनगरला राहतो, त्यामुळे सांगतेय ते सगळं सेटवर बसून बघितलेलं.

नोकरी सोडू नका. रजा घ्या, आजीला पाठवा, काहीही करा. टीआरपी पडला किंवा गोष्टीत लीप आला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढे गेली, की मुलांचं काम एका आठवड्यात संपतं. आम्हाला बुधवारी कळलं, शनिवारी शेवटचा दिवस, आणि सोमवारी त्याच्याच कॅरेक्टरच्या नावाचा मोठा हिरो सेटवर. पैसे ९० दिवसांनी येतात, त्यातून टीडीएस आणि काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन जातं. त्यावर घराचा हप्ता बसवलात तर मूल दमलं तरी 'आज नको' म्हणायची हिंमत होत नाही. एक आई तापातल्या मुलीला औषध पाजून मेकअपला बसवायची, वाईट बाई नव्हती ती, हप्ते होते तिचे.

नियम माहीत असू द्या. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम सांगतात की मुलाने दिवसाला ५ तासांच्या वर काम करायचं नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांच्या वर शूट नाही, आणि निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची, तुमचा सेट घोडबंदरला म्हणजे ठाण्याचे जिल्हाधिकारी. सही करायच्या आधी त्या परवानगीची कॉपी मागा. मागितली की तोंडं वाकडी होतात, होऊ देत. ५ तासांत प्रवास कुणी धरत नाही, आणि संध्याकाळी गायमुखपासून माजिवड्यापर्यंत ट्रॅफिक लागलं की पोर गाडीतच झोपतं, अभ्यास राहतोच.

अजून एक, सहा वर्षं म्हणजे पुढचे दात आता पडणार. कंटिन्युइटीचा घोळ होतो, एका शॉटमध्ये दात आहे आणि पुढच्यात नाही, प्रोडक्शनला आत्ताच सांगून ठेवा.

आता खरं महत्त्वाचं. एकदा आजी वारल्याचा सीन होता, मी बाहेर फोनवर होते. मुलाला रडू येईना म्हणून एडीने, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरने, त्याला सांगितलं, आई तुला टाकून घरी गेली. तो रडला, शॉट ओके झाला, युनिटने टाळ्या वाजवल्या. त्या रात्री झोपेतून दोनदा उठून मी आहे का बघून गेला, आणि पुढे कितीतरी दिवस मी आंघोळीला गेले की बाथरूमच्या दाराशी बसून राहायचा. मग मी लेखी दिलं की मी समोर असल्याशिवाय रडण्याचा शॉट घ्यायचा नाही, आणि त्यांनी ऐकलं. दुसऱ्या सिरियलच्या डायरेक्टरने त्याला नीट समजावलं की हे खोटं खोटं आहे, आपण खेळतोय, तेव्हा तो जास्त चांगला रडला. म्हणून सोबत तुम्ही असा की आजी, मुलीला टाकून जेवायलासुद्धा लांब जाऊ नका, आणि प्रत्येक शेड्यूलआधी तिला विचारा, जायचंय का. नाही म्हणाली तर ते नाहीच समजा.

लोक सचिन पिळगांवकर, उर्मिला मातोंडकरची उदाहरणं देतील. दोघं लहानपणापासून काम करून पुढे हिरो-हिरॉइन झाले हे खरंय, पण बहुतेक मुलांची उंची वाढली, आवाज फुटला की फोन बंद होतात. आमचे झाले. तो वर्षभर चिडचिडा होता, शाळेत जुने मित्र दुसऱ्या ग्रुपमध्ये गेले होते.

आणि पैसे. त्याच नियमांत आहे की कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत टाकायचे, १८ पूर्ण झाल्यावर त्याला मिळतात. मी म्हणेन सगळेच टाका. आमची पहिली सिरियल नियम यायच्या आधीची. मुलगा आता बारावीत आहे, एफडीचे कागद बघताना त्याने मागच्या महिन्यात विचारलं, पहिल्या सिरियलचे कुठेत? आम्ही त्यातून गाडी घेतली होती, ते मला त्याला सांगावं लागलं.